तळटीप १४ : ‘परळचा मठ’

मूळ मजकुरात लेखक मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेला ‘परळचा मठ’ म्हणतात. जालना एमआयडीसीतल्या वाचकाला परळ म्हटले की शेजारच्या बीडची परळी वैजनाथ आठवेल, आणि ते अगदीच चुकीचे नाही. मुंबईच्या परळलाही परळी वैजनाथाचे देऊळ होते व त्यावरून गावाला नाव पडले, अशी परंपरा सांगतात. व्युत्पत्ती पटो न पटो, इथली शैव वस्ती जुनी: 1931 साली रस्ता खणताना परळला सापडलेली सहाव्या शतकातली अखंड शिवमूर्ती आज बारादेवीच्या देवळात आहे.

टोपणनावातला मठ मात्र ख्रिस्ती, जेझुइट पाद्र्यांचा; संस्था त्याच जागेत आहे. सिद्दी याकूतने 1689–90 मध्ये मुंबईला वेढा घातला, तेव्हा पाद्री त्याला फितूर होते असा इंग्रजांचा संशय. पुढे मठ जप्त झाला. गव्हर्नर चार्ल्स बून (1715–1722) यांच्या काळात तिथे गव्हर्नरांचा बागबंगला झाला. प्रार्थनामंदिराच्या कमानीखाली मेजवान्यांचे दालन निघाले, वर नाचघर! हॉर्नबी (1771–1784) तर तिथेच राहायला आले. पुढे गिरण्यांचा धूर वाढला. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच बंगल्यात पटकीने वारल्या आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला.

प्लेगच्या साथीत बंगल्याचे इस्पितळ झाले, 1899 मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. 1925 पासून संस्थेला त्यांचेच नाव आहे.