प्रथिनांचा अभ्यास आणि मुंबईची विज्ञानसंस्था

संशोधनकेंद्राची कीर्ती पुष्कळदा तेथील यंत्रांवर उभी असते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठ हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे स्वेडबर्ग यांनी 1920 नंतरच्या दशकात अतिकेंद्रोत्सारक यंत्र बांधले, तर टिसेलियस यांनी 1937 साली विद्युत्-संचारणाचे उपकरण सिद्ध केले. त्यामुळे प्रथिनांचे रेणुभार मोजणे आणि मिश्रणातील घटक वेगळे ओळखणे शक्य झाले. तथापि प्रथिनांच्या अभ्यासाची याहून साधी, परंतु तितकीच फलदायी अशी दुसरी परंपराही आहे. 1926 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात समनर यांनी एका शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांच्या पिठातून यूरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे काढले आणि विकर हे प्रथिन असते, हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांना भारी यंत्रसामग्री लागली नाही. लागली ती नऊ वर्षांची चिकाटी. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत डॉ. कमला सोहोनी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले कार्य या दुसऱ्या परंपरेतील आहे.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. 1933 साली बंगलोरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्यांना प्रथम प्रवेश नाकारला व पुढे अटी घालून दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती सांगितली जाणे रास्तच होय. परंतु त्या एका प्रसंगापाशीच चरित्र संपविले, तर ज्या कार्यासाठी त्यांनी तो झगडा केला ते कार्यच दृष्टीआड होते. बंगलोरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिज येथे वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या श्वसनक्रियेशी संबंधित प्रथिनावर संशोधन करून 1939 साली त्यांनी पीएच.डी. संपादन केली. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यानंतर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

त्यांच्यासमोरील प्रश्न वरकरणी साधा होता. अन्नातील नायट्रोजन मोजून प्रथिनांचे प्रमाण ठरविण्याची केल्डाल यांची पद्धत 1883 पासून प्रचारात होती. परंतु डाळीत प्रथिन किती आहे आणि खाणाऱ्याच्या शरीरास त्यांपैकी किती मिळते, हे दोन भिन्न प्रश्न होत. सोयाबीन शिजवून दिले असता उंदरांची वाढ चांगली होते आणि कच्चे दिले असता खुंटते, हे ऑस्बोर्न व मेंडेल यांनी 1917 सालीच नोंदविले होते. 1945 च्या सुमारास कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून स्फटिकरूप प्रथिन मिळविले. ट्रिप्सिन या पाचक विकराचे कार्य ते रोखते, असे दिसून आले. सोहोनी यांनी हाच शोध आपल्याकडील कडधान्यांत चालविला. 1955 साली सोहोनी व अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतील ट्रिप्सिन-निरोधक स्फटिकरूपात मिळविल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

स्फटिक मिळविण्यास महत्त्व का, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. बियांच्या अर्कात अनेक प्रथिने एकत्र असतात. लवण घालून साका पाडणे, अपोहनाने क्षार काढून टाकणे, प्रत्येक टप्प्यावर उरलेली निरोधक शक्ती मोजणे, अशा क्रमानेच या प्रकारचे काम पुढे सरकते. ट्रिप्सिनने केसिनचे किती पचन केले आणि निरोधक घातल्यावर ते किती घटले, ही तुलना येथे मापदंडाचे काम करते. पदार्थ शुद्ध झाल्याखेरीज निरोधाचे श्रेय नेमक्या कोणत्या प्रथिनास द्यावे, हे ठरत नाही. म्हणजेच येथे तंत्र हे केवळ साधन राहत नाही. पोषणाविषयीचे विधान खरे की खोटे, याचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

याच विभागात नीरेच्या पोषणमूल्याचाही अभ्यास झाला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या या कार्यासाठी सोहोनी यांना राष्ट्रपती-पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालिका झाल्या. 1998 साली त्यांचे निधन झाले. 2019 पासून ही संस्था डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे.

आज प्रथिनांच्या अभ्यासासाठी वस्तुमान-वर्णपटमापक व क्ष-किरणांची प्रगत साधने उपलब्ध आहेत आणि ती नसतील तर संशोधन अशक्य, अशी समजूत रूढ होऊ पाहते. मुंबईच्या या प्रयोगशाळेचा इतिहास त्या समजुतीस मर्यादा घालतो. यंत्रांचे मोल त्याने कमी होत नाही. परंतु कोणते प्रथिन अभ्यासावे आणि कशासाठी, हे यंत्र सांगत नाही. सोहोनी यांनी तो प्रश्न घरोघरीच्या वालाच्या उसळीतून उचलला आणि त्याचे उत्तर आंतरराष्ट्रीय कसोटीस उतरेल एवढ्या शुद्धतेने दिले. संस्थेच्या इतिहासात त्यांचे स्थान ठरविताना प्रवेशाच्या प्रसंगाबरोबर हे कार्यही मोजले गेले पाहिजे.