हृदयाचा आलेख आणि तो काढणारा

शास्त्राच्या इतिहासांत शोध लावणाराचें नांव राहतें. तो शोध दारोदार पोंचविणाराचें राहत नाहीं. देवीची लस म्हटली कीं जेन्नर आठवतो. परंतु खेडोपाडीं हिंडून रडणाऱ्या मुलांच्या दंडावर ती लस टोचणारा देवीडॉक्टर कोणाच्या स्मरणांत आहे? हृदयाच्या विद्युत्-आलेखाची, म्हणजे ज्यास आपल्याकडे सर्रास ‘कार्डिओग्राम’ अथवा ‘ईसीजी’ म्हणतात त्याची, हकीकतही बहुधा अशीच दोनचार प्राध्यापकांच्या चरित्रांतून सांगण्यांत येते. हे प्राध्यापक थोर होते यांत शंका नाहीं. परंतु या इतिहासाकडे जरा निराळ्या बाजूनें पाहिलें असतां एक गोष्ट लक्षांत येते. रोग्याच्या देहास हात लावणारा आणि त्या देहाच्या खुणांचा अर्थ लावणारा हीं पूर्वीं एकच व्यक्ति असे. गेल्या शतकांत ज्या यंत्रांनीं या एका व्यक्तीचीं दोन माणसें केलीं, त्यांत हें यंत्र प्रमुख आहे. त्या दोहोंपैकीं पहिल्या माणसाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्या शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेचें प्रकरण आहे. वात कोपला असतां नाडी जळू व सर्प यांच्या गतीनें चालते, पित्तांत ती कावळा व बेडूक यांच्यासारखी उड्या मारते, आणि कफांत हंस व पारवा यांच्यासारखी संथ जाते, असें तेथें वर्णन आहे. या उपमांचें आज शास्त्रदृष्ट्या काय मोल धरावें हा प्रश्न येथें सोडून देऊं. लक्षांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, मनगटावर तीन बोटें ठेवणारा आणि त्या स्पंदनांत सर्प कीं हंस हें ओळखणारा वैद्य एकच होता. युरोपांतही स्थिति निराळी नव्हती. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत इ. स. १८१६ मध्यें लेनेक या वैद्यापुढें एक तरुण स्त्री हृद्रोगाची तक्रार घेऊन आली. तिच्या छातीस कान लावणें अनुचित वाटल्यानें त्यानें कागदाची सुरळी केली, तिचें एक टोंक तिच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें, आणि अशा रीतीनें स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. रोगी व वैद्य यांच्यामध्यें वीतभर अंतर पडलें खरें. पण नळीच्या एका टोंकाला रोगी आणि दुसऱ्या टोंकाला वैद्य हें नातें कायम राहिलें.

तें नातें तोडणारी शक्ति म्हणजे वीज. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, हें कार्लो मातेउच्ची या इटालियन शास्त्रज्ञानें इ. स. १८४२ मध्यें बेडकावरील प्रयोगांनीं दाखविलें होतें. मनुष्याचें हृदय मात्र उघडून पाहतां येत नाहीं. प्रवाह कातडीवरून टिपावा तर तो अतिशय क्षीण, साधारण एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाएवढा. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकशाळेंत ऑगस्टस वॉलर यानें इ. स. १८८७ मध्यें हें साध्य केलें. काचेच्या केशनलिकेंतील पारा विजेच्या प्रवाहानें वरखालीं होतो, या तत्त्वावर लिपमननें केलेलें विद्युन्मापक त्यानें वापरलें, आणि पाऱ्याची हालचाल टिपणारी छायाचित्राची कांच सरकविण्यासाठीं तिला चक्क एका खेळण्यांतल्या आगगाडीवर बसविलें. मनुष्यहृदयाचा पहिला प्रसिद्ध विद्युत्-आलेख तो हाच. आणि तो कोणाच्या हृदयाचा होता? एखाद्या सरदाराचा नव्हे, वॉलरचा स्वतःचाही नव्हे; तो होता थॉमस गॉस्वेल नांवाच्या, त्याच प्रयोगशाळेंतील एका तंत्रज्ञाचा. या विद्येच्या पहिल्याच पानावर एका तंत्रज्ञाचें हृदय उमटलेलें आहे, ही गोष्ट मला केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाहीं. हाताशीं असणारें, सांगितल्यावर स्वस्थ बसणारें आणि मोबदल्यांत कीर्ति न मागणारें माणूस शास्त्रास नेहमींच लागत आलें आहे.

वॉलरचा दुसरा प्रसिद्ध साहाय्यक म्हणजे त्याचा जिमी नांवाचा बुलडॉग. मिठाच्या पाण्यांत पाय बुडवून उभें राहण्यास त्याला शिकविलें होतें. इ. स. १९०९ मध्यें रॉयल सोसायटीच्या संमेलनांत त्याचें प्रदर्शन झालें, तेव्हां हा मुक्या प्राण्याचा छळ आहे असा प्रश्न हाउस ऑफ कॉमन्समध्यें निघाला. गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनीं, तें साधें मिठाचें पाणी असून समुद्रांत पाय भिजविणारास जो अनुभव येतो तोच त्या कुत्र्यास आला असावा, अशा आशयाचें उत्तर देऊन सभागृहास हंसविलें. कुत्र्याची एवढी दाद पार्लमेंटांत लागली. गॉस्वेलविषयीं कोणी प्रश्न विचारला नाहीं, आणि तशी त्याची तक्रारही नसावी. गंमत अशी कीं, रुग्णालयांत या आलेखाचा फारसा उपयोग होईल असें खुद्द वॉलरला इ. स. १९११ पर्यंतही वाटत नव्हतें.

तो उपयोग ज्याला दिसला तो विलेम आइन्थोव्हेन. त्याचा जन्म इ. स. १८६० मध्यें जावा बेटांत सेमारांग येथें झाला. बाप तेथें लष्करी डॉक्टर होता; त्याच्या मृत्यूनंतर आई मुलांस घेऊन हॉलंडांत परतली. वयाच्या पंचविशीच्या सुमारास आइन्थोव्हेन लायडन विद्यापीठांत शरीरव्यापारशास्त्राचा प्राध्यापक झाला. इ. स. १८८९ मध्यें बाझल येथील परिषदेंत त्यानें वॉलरचा प्रयोग पाहिला. पण पारा जड, त्याची चाल मंद, आणि मिळणारी रेषा गणितानें दुरुस्त करून घ्यावी लागे. त्यावर त्यानें तंतूचें विद्युन्मापक योजिलें. वितळलेलें क्वार्ट्झ बाणाच्या शेपटास लावून तो बाण धनुष्यानें सोडावा, म्हणजे मागें केंसाहूनही बारीक तंतु ओढला जातो, ही युक्ति बॉईज नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची. अशा तंतूस चांदीचा मुलामा देऊन तो प्रचंड विद्युच्चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें ताणावयाचा. हृदयाचा प्रवाह त्यांतून गेला कीं तंतु थरथरतो, आणि त्याची छाया सरकत्या छायाचित्रकांचेवर रेषा काढते. त्या रेषेंतील उंचवट्यांस त्यानें पी, क्यू, आर्, एस्, टी हीं जीं नांवें दिलीं तींच आज जगभर चालतात.

तंतु जितका सूक्ष्म, तितकें यंत्र अवाढव्य. त्याचें वजन सुमारें २७० किलो होतें, त्यानें दोन खोल्या व्यापल्या होत्या, चुंबक तापूं नयेत म्हणून त्यांतून सतत पाणी खेळवावें लागे, आणि तें चालविण्यास पांच माणसें लागत. असलें धूड रुग्णालयांत नेणें अशक्य. आणि रोग्यांस प्रयोगशाळेंत आणणें त्याहून कठीण. म्हणून आइन्थोव्हेननें इ. स. १९०५ मध्यें रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत, सुमारें दीड किलोमीटर अंतरावर, टेलिफोनच्या तारेनें हृदयाचे प्रवाह आणविले. रोगी रुग्णालयांतच मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसे, आणि त्याच्या हृदयाची रेषा दीड किलोमीटरवर उमटत असे. मी वर ज्या ताटातुटीचा उल्लेख केला तिचें याहून स्पष्ट चित्र दुसरें नाहीं. प्राध्यापकास रोगी दिसत नाहीं, रोग्यास प्राध्यापक दिसत नाहीं; रोग्याजवळ राहतो तो त्याचे हात धरून पाण्यांत ठेवणारा, ‘हलूं नका’ असें सांगणारा आणि तो घाबरला तर त्यास धीर देणारा मनुष्य. आजचा तंत्रज्ञ त्याच मनुष्याचा वारस होय.

आइन्थोव्हेनला या ऋणाची जाणीव होती असें मानण्यास आधार आहे. त्याच्या प्रयोगशाळेंत व्हॅन डेर वूर्ट नांवाचा एक कुशल यंत्रकारागीर होता. इ. स. १९२४ मध्यें नोबेल पारितोषिक मिळाल्यावर आइन्थोव्हेननें त्याचा शोध घेतला, तेव्हां तो वारला असून त्याच्या दोन बहिणी हलाखींत दिवस काढीत आहेत असें त्यास समजलें, आणि त्यानें पारितोषिकाच्या रकमेचा अर्धा भाग त्यांस दिला, अशी हकीकत सांगतात. रकमेच्या तपशिलाविषयीं चरित्रकारांनीं वाद घालावा. शोध एकट्याचा नसतो हें ज्या मनास उमगलें, त्याची थोरवी त्या वादानें कमी होत नाहीं.

यापुढील यंत्राचा प्रवास थोडक्यांत सांगतां येईल. केंब्रिज येथील शास्त्रीय उपकरणांच्या कंपनीनें, जिचा संस्थापक चार्लस डार्विनचा मुलगा होरेस हा होता, हें यंत्र मेजावर मावेल असें केलें. लंडनच्या टॉमस लुईसनें त्याच्या साहाय्यानें हृदयाच्या अनियमित ठोक्यांचें कोडें उलगडलें, तर न्यूयॉर्कच्या पार्डी यानें इ. स. १९२० मध्यें हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्यावर रेषेंत होणारा विशिष्ट बदल दाखवून दिला. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांऐवजीं धातूच्या पट्ट्या आल्या. इ. स. १९३८ मध्यें अमेरिकन व ब्रिटिश तज्ज्ञांनीं छातीवरील सहा जागा ठरवून दिल्या आणि इ. स. १९४२ मध्यें गोल्डबर्गरनें हातापायांवरून घ्यावयाच्या रेषांत तीन नव्या रेषांची भर घातली. तेव्हांपासून दहा ठिकाणीं जोडण्या करून हृदयाकडे बारा बाजूंनीं पाहण्याची पद्धति रूढ झाली. यंत्र लहान झालें, पण तें चालविणाराचें काम लहान झालें नाहीं. पूर्वीं हातपाय पाण्यांत बुडविले कीं भागत असे. आतां परक्या स्त्रीपुरुषांची छाती उघडी करवून, गळ्याखालील हाडापासून बरगड्या बोटानें मोजीत चौथ्या व पांचव्या बरगडीखालच्या नेमक्या फटी शोधणें आलें.

या कामास यांत्रिक म्हणणाऱ्यांनीं त्यांतील चुकांचा विचार करावा. कागद सेकंदास २५ मिलिमीटर या वेगानें सरकला पाहिजे, आणि व्होल्टाच्या हजाराव्या भागास रेषा १० मिलिमीटर चढली पाहिजे. हीं मापें न तपासतां काढलेला आलेख म्हणजे खोट्या वजनांनीं केलेलें माप. उजव्या व डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली तर पहिली रेषा उलटी उमटते आणि हृदय उजव्या अंगास आहे कीं काय असा भास होतो. छातीवरील जोडणी एक बरगडी वर सरकली तर न आलेल्या झटक्याची खूण कागदावर दिसूं शकते. रोग्यास थंडी वाजत असेल, भीति वाटत असेल, तर स्नायूंच्या कंपानें सगळी रेषा कांटेरी होते. यंत्र असत्य बोलत नाहीं अशी आपली समजूत आहे. वस्तुतः यंत्र त्याला जें सांगितलें जाईल तेंच बोलतें. सांगणारा हात खरा असावा लागतो.

त्या हातास केवळ अचूकपणा पुरत नाहीं. लेनेकला जो संकोच कागदाच्या सुरळीनें टाळतां आला, तो या माणसास टाळतां येत नाहीं. आडपडदा ओढावा, चादर हवी तेवढीच सरकवावी, ‘आजी, हात सैल सोडा, कांहीं टोंचणार नाहीं, विजेचा धक्काही बसणार नाहीं,’ असें सांगावें, आणि मग त्या म्हातारीची छाती शांत होईपर्यंत थांबावें, हें सगळें त्याच्या कामाचाच भाग आहे. भ्यालेल्या माणसाची रेषा चांगली येत नाहीं. म्हणजे दयाबुद्धि ही येथें केवळ सद्गुण नसून कारागिरीचा नियम आहे.

परंतु या धंद्यांतील सर्वांत कठीण क्षण कागद बाहेर आल्यावरचा. हजारों आलेख काढलेल्या डोळ्यांस रेषेचें वळण ओळखूं येतें; आणि खाटेवरून प्रश्न येतो, ‘बाळा, सगळें ठीक आहे ना रे?’ तंत्रज्ञास निदान सांगण्याचा अधिकार नाहीं, आणि तो नसावा हेंच योग्य आहे. तो म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब सांगतील, आजी.’ आणि चेहऱ्यावरची रेषा हलूं न देतां तो कागद घेऊन झपझप निघतो, कारण कांहीं कागद सावकाश नेण्यासारखे नसतात. वैद्य जें अर्ध्या तासानें जाणणार तें यानें आधींच पाहिलेलें असतें. पण बोलण्याचा अधिकार दुसऱ्याचा, आणि रोग्याच्या नजरेस नजर देण्याची पाळी मात्र याची. हात आणि अर्थ यांची जी फारकत लायडनच्या तारेनें केली, तिचा भार कोणावर पडला हें येथें कळतें.

हा इतिहास पुढें चालूच आहे. मोंटाना प्रांतांतील नॉर्मन होल्टर यानें हृदयाचा आलेख घेणारें व तो बिनतारी धाडणारें यंत्र पाठीवर बांधून हिंडण्याचे प्रयोग केले. पहिलें ओझें सुमारें ३८ किलोंचें होतें. आज त्याच्याच नांवाचें यंत्र खिशांत मावतें, आणि दिवसभर चालतांना, जेवतांना, झोपतांना हृदयाची नोंद ठेवतें. रेषेचा अर्थ यंत्र स्वतःच कागदावर छापूं लागलें आहे, आणि इ. स. २०१८ पासून मनगटावरील घड्याळही हृदयाची एक रेषा काढूं लागलें, वैद्य जेथें तीन बोटें ठेवीत असे जवळजवळ त्याच जागेवरून! यावरून कोणी म्हणेल कीं आतां हा मध्यस्थ नाहींसा होणार. मला तसें दिसत नाहीं. घड्याळ एका बाजूनें पाहतें. छातींत कळ येऊन खाटेवर आलेल्या माणसाच्या हृदयाकडे बारा बाजूंनीं पाहावें लागतें, आणि त्या वेळीं त्याच्या बरगड्या मोजण्यास दुसऱ्या माणसाचें बोट लागतें. अर्थ लावण्याचें काम यंत्राकडे थोडेंफार गेलें. स्पर्शाचें काम अद्याप माणसाकडेच आहे. दोहोंत ज्याला आपण हलकें समजलों, तेंच अधिक टिकाऊ ठरावें, हा काळाचा न्याय ध्यानांत घेण्याजोगा आहे.

मराठींत पुढेंमागें कोणी या विद्येचा सविस्तर इतिहास लिहील, तेव्हां वॉलर व आइन्थोव्हेन यांचीं प्रकरणें त्यांत येतीलच. त्यांच्या शेजारीं गॉस्वेल आणि व्हॅन डेर वूर्ट यांसही एकेक परिच्छेद मिळावा. आणि तोंपर्यंत, रुग्णालयांतील त्या लहानशा खोलींत जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांनीं, जोडण्या लावणाऱ्या माणसास त्याचें नांव विचारावयास हरकत नाहीं.