पिवळ्या मेणाची साक्ष

२९ मे १९९९. बल्गेरियातील रुसेच्या सीमानाक्यावर एका मोटारीच्या डिकीत शिशाच्या वेष्टनातील काचेची कुपी सापडली. आत काळी पूड : सुमारे ७३ टक्के समृद्ध युरेनियम. बल्गेरियाने ती अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेकडे सोपविली. क्षयातून उपजलेली द्रव्ये मोजून शास्त्रज्ञांनी अखेरच्या शुद्धीकरणाचे वर्ष काढले : १९९३. युरेनियम-२३६च्या अंशावरून हे इंधन पूर्वी अणुभट्टीत जळल्याचेही कळले.

चुगली केली ती मात्र कुपीभोवतीच्या पिवळ्या मेणाने! त्यात बेरियम क्रोमेट होते. २००१ मध्ये पॅरिसला पकडलेल्या कुपीचे मेण व पूड त्याच्याशी जुळली. दोन देशांनी आपापली तपासणी कुलूपबंद ठेवली असती, तर हे साम्य कोणाच्या ध्यानी येते? २०११ मध्ये मोल्दोव्हात तशीच पूड पुन्हा पकडली गेली. विकणाऱ्याकडचा माल संपलेला नव्हता.