फण

फण (पु.) १. नागाचा फणा. २. तिफण, पाभर यांसारख्या पेरणीच्या अवजाराचा जमिनीत शिरणारा दात. ३. ट्रॅक्टरला जोडायच्या मशागत-अवजाराचा वाकडा पोलादी दात. अशा फणांच्या संख्येवरून अवजारालाच मिळालेले नाव, उदा. पाच फणी, नऊ फणी.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘फण’ म्हणजे सापाचा पसरलेला फणा. केस विंचरायची आणि विणकराची फणी याच कुळातल्या. फणांच्या संख्येवरून दुफण, तिफण ही नावे पडली. ‘तिफण’ (स्त्री.) वऱ्हाडात रूढ; पश्चिम महाराष्ट्रात पाभर अधिक प्रचलित. वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा ‘न’ होऊन ‘तिफन’ असा उच्चार होतो. कवी विठ्ठल वाघ यांच्या कवितेने तो वऱ्हाडाबाहेरही पोचवला.

पारंपरिक अवजार : आडव्या जाड लाकडात तीन फण ठोकलेले, प्रत्येकामागे एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्यांची तोंडे वर बी सोडायच्या एका लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात आलेली, अशी तिफणीची घडण असते. बैल पुढे चालतात, फण तास म्हणजे पेरणीची ओळ उघडतो, चाड्यात सोडलेले बी तीन वाटांनी खाली उतरते. चाड्यावर मूठ धरणारीचा हात येथे निर्णायक असतो. मूठ सैल पडली की बी दाट पडते, आवळली की तास विरळ उगवते. तुरीसारखे आंतरपीक पेरण्यासाठी मागे दोरीने सरता बांधतात; त्याची नळी हाती धरून दुसरी बाई ठरलेल्या तासात बी सोडत चालते. युरोपात जेथ्रो टल यांनी पेरणीयंत्र बनवले ते १७०१ च्या सुमारास. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी कॅप्टन हॅलकॉट यांनी दक्षिण भारतातील पेरणी-अवजाराचे वर्णन इंग्लंडला कळवले. ओळीत पेरण्याची ही कला इथल्या शेतकऱ्यांकडे आधीपासून नांदत होती.

यंत्रयुगातील अर्थ : १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वऱ्हाडातला वाशीम जिल्हा खरिपात मुख्यतः सोयाबीन आणि तुरीचा आहे. या जिल्ह्यात ट्रॅक्टर आला तेव्हा मशागतीच्या अवजाराचे ‘कल्टिव्हेटर’ हे नाव दुकानात राहिले. शेतात ते ‘नऊ फणी’ झाले. येथे अर्थ सरकला. तिफणीचा फण बी पेरतो, नऊ फणीचा फण फक्त माती मोकळी करतो. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने फणाला पुन्हा बियाण्याशी जोडले. बी आणि खताच्या वेगळ्या पेट्या, जमिनीवर फिरणाऱ्या चाकावर चालणारी मापन-चकती आणि प्रत्येक फणामागे नळी, अशी त्याची रचना. कृषी विद्यापीठांच्या लिखाणात या फणांना ‘दाते’ही म्हणतात.

रुंद वरंबा सरी अर्थात ‘बीबीएफ’ यंत्र हे पुढचे रूप. वरंब्यावर ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी असल्याने काळ्या जमिनीत अतिपावसाचे पाणी निघून जाते व पावसात खंड पडल्यास ओल टिकते. २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीम होता आणि त्यातही या पद्धतीला प्रोत्साहन मिळाले. हे यंत्र नसेल तर साध्या पेरणीयंत्राची एखादी नळी बंद ठेवून ठरावीक ओळींनंतर जागा मोकळी सोडतात, ही ‘पट्टापेर’.

अर्थविचार : इंग्रजीत बी हाताने फोकून पेरण्याचा ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द रेडिओने उचलला. वऱ्हाडात ओळीच्या पेरणीचा ‘फण’ लाकडातून पोलादात गेला, पण शेतातच राहिला. त्याच्या सोबतीचे शब्द मात्र यंत्राबाहेर पडत आहेत. ‘मूठ’ आणि ‘सरता’ हे बायांच्या कसबाचे शब्द होते. मापन-चकतीने त्यांचे काम घेतले, त्याबरोबर पेरणीची मजुरीही गेली. म्हणून फणाची नोंद या दोन शब्दांवाचून अपुरी ठरते.

संबंधित शब्द : चाडे, तास, तिफण, दुफण, पट्टापेर, मूठ, सरता.