बी अम्मांचे दागिने

मेडशीत आमच्या मोहल्ल्यात एखाद्या बाईला ‘चांगली आई’ म्हटले जाते ते बहुधा तिच्या मयतीच्या दिवशी. नवरा गेल्यावर तिने दुसरा निकाह केला नाही, स्वतः अर्धपोटी राहून लेकरे वाढवली, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, कधी कुणाला उलटून बोलली नाही, असे लोक सांगतात. यातली शेवटची गोष्ट जरा जास्तच जोर देऊन सांगतात. आईच्या पायाशी जन्नत आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते पाय उंबरठ्याबाहेर कधी पडायचे, हे मात्र घरातले पुरुष ठरवीत आले.

या मापात न बसणारी एक आई एके काळी आमच्याच प्रांतात राहून गेली. मेडशी तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो १९९८ साली. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेले होते आणि त्याच प्रांतातल्या छिंदवाड्यात सरकारने १९१५ च्या अखेरीस मौलाना शौकत अली आणि मौलाना मुहम्मद अली या भावांना नजरकैदेत आणून ठेवले. त्यांच्याबरोबर त्यांची वृद्ध आईही होती. लोक तिला बी अम्मा म्हणत. तिचे नाव आबादी बानो बेगम.

मुहम्मद अलींचा जन्म १८७८ चा. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा रामपुरात त्यांचे वडील वारले. बाई भर तारुण्यात विधवा झाल्या, पदरात लहान लहान मुले. त्यांनी पुन्हा निकाह केला नाही. इथपर्यंतची कथा आमच्या मोहल्ल्यालाही पसंत पडेल. पुढे मात्र ती वळण घेते. मुलांना इंग्रजी शिकवले तर ती काफर होतील, असे म्हणून घरातल्या कारभारी पुरुषाने पैसे नाकारले. बाईंनी वाद घातला नाही. स्वतःचे दागिने गहाण टाकले आणि मुलांना बरेलीच्या शाळेत पाठवले. तिथून ती अलीगढला गेली आणि मुहम्मद अली पुढे ऑक्सफर्डला.

मुलाला घडवायचे तर आई आधी शिकलेली हवी, हे सांगणारे हालींचे ‘मजालिस-उन-निसा’ १८७४ साली आले होते. आबादी बानोंना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. तरी आपल्या आईहून शहाणे माणूस आपण पाहिले नाही, असे मुहम्मद अलींनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे.

छिंदवाड्यातला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. १९१७ साली सुटकेच्या अटींचा कागद घेऊन सरकारी अधिकारी आला. मुलांनी मान तुकवून सही केली तर माझ्या म्हाताऱ्या हातांत त्यांचे गळे दाबण्याइतके बळ अजून आहे, अशा अर्थाचे बोल बी अम्मांनी सुनावले. आम्हाला हा प्रसंग ऐकताना थोडी भीतीच वाटते. पण सोसणे म्हणजे मातृत्व मानणाऱ्यांनी तो ऐकून ठेवावा. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनात, कैदेत असलेल्या मुलाच्या जागी, त्या बुरख्यातून बोलल्या. मुले १९२१ साली पुन्हा तुरुंगात गेली, तेव्हा सत्तरीच्या घरातली ही बाई खिलाफतीसाठी गावोगाव सभा घेत फिरली. नोव्हेंबर १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचे गाणे देशभर गाजले. पण त्यातही त्या मुहम्मद अलींची अम्मा आहेत, आबादी बानो नाहीत.

आम्हाला भाषणांपेक्षा दागिन्यांची गोष्ट मोठी वाटते. गहाणवट वऱ्हाडाला नवी नाही. बियाण्याला, दवाखान्याला, लेकीच्या लग्नाला दागिना सावकाराकडे जातोच. पण तो बहुधा नवऱ्याच्या किंवा दिराच्या शब्दावर जातो. बी अम्मांनी तो स्वतःच्या शब्दावर दिला, कारण तो त्यांचा होता. शरियतने बाईला मेहेर दिला, मुले असलेल्या विधवेला आठवा हिस्सा दिला. घरच्या कर्त्या पुरुषाला ‘नाही’ म्हणता यावे, एवढे बळ त्यात होते. आपण शरियतचे नाव मोठ्याने घेतो आणि नेमका हाच भाग दबक्या आवाजात उरकतो. आणखी एक बोलायला हवे: बी अम्मांना एक मुलगीही होती, पण दागिन्यांची गोष्ट सांगताना आपण मुलांपाशीच थांबतो.

आमच्या वडिलांचा जनाजा उठण्याआधी चार बायका अम्मीजवळ येऊन बसल्या. “मेहेर माफ केला म्हण गं, त्यांची वाट सोपी होऊ दे,” म्हणाल्या. अम्मीने म्हटले. रक्कम किती होती, तेही आम्हा भावंडांना ठाऊक नव्हते. शेतातल्या आठव्या हिश्शाचा विषय चाळीसाव्यापर्यंतही कुणी काढला नाही. आम्हीही नाही काढला. धाकट्या बहिणीला दहावीनंतर अकोल्याला शिकायचे होते. चाचा नको म्हणाले. अम्मी रात्री ट्रंक उघडून बराच वेळ बसली होती. गहाण ठेवण्याजोगे त्यात काही नव्हते.