मानित्स्की, यान

(जन्म ७ मार्च १९४२). एस्टोनियन उद्योजक, राजकारणी व कलासंग्राहक. एस्टोनियाच्या उत्तर किनाऱ्यावरील व्हीनिस्तू या कोळ्यांच्या गावी जन्म. १९४० मध्ये सोव्हिएट संघाने एस्टोनिया बळकावला. १९४१ ते १९४४ या काळात तेथे जर्मनीचा अंमल होता. सोव्हिएट सत्ता परत येणार हे दिसू लागताच १९४३-४४ मध्ये सु. ७० ते ८० हजार लोकांनी देश सोडला. त्यांतील अनेकजण लहान होड्यांतून बाल्टिक समुद्र ओलांडून स्वीडनला पोहोचले. मानित्स्की कुटुंबही युद्धकाळातच परागंदा झाले व यानचे बालपण स्वीडनमध्ये गेले.

व्यवसायात शिरल्यावर त्याने आर्थिक व्यवस्थापक म्हणून नाव मिळविले. १९७४ च्या यूरोव्हिजन गीतस्पर्धेतील विजयामुळे जगप्रसिद्ध झालेल्या ॲबा या स्वीडिश संगीतगटाचे आर्थिक व्यवहार तो पाहत असे. स्वीडनमधील करांचे प्रमाण मोठे असल्यामुळे या गटाचे उत्पन्न विविध धंद्यांत गुंतविले जाई.

सोव्हिएट सत्ता शिथिल होऊ लागल्यावर तो व्हीनिस्तूला परतला व तेथे त्याने अळिंबीची लागवड केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले. एप्रिल १९९२ मध्ये तीत व्हॅही याच्या संक्रमणकालीन मंत्रिमंडळात तो परराष्ट्रमंत्री झाला. त्याच्यापूर्वी हे पद लेनार्त मेरी याच्याकडे होते. रशियन सैन्य त्या वेळी देशातच होते आणि नागरिकत्वाच्या प्रश्नावरून मॉस्कोशी वाद चालू होता. याच काळात, २० जून १९९२ रोजी, क्रोन हे राष्ट्रीय चलन प्रचारात आले व २८ जूनला सार्वमताने नवे संविधान संमत झाले. सप्टेंबरमधील निवडणुकीनंतर ऑक्टोबर १९९२ मध्ये मार्त लार याचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा मानित्स्कीची कारकीर्द संपली. रशियन सैन्य ३१ ऑगस्ट १९९४ रोजी परत गेले. मानित्स्कीची कारकीर्द जेमतेम सहा महिन्यांची असली, तरी परदेशात वाढलेल्या एस्टोनियनांवर नव्या राज्याने किती भिस्त ठेवली होती, हे तीवरून दिसते.

त्याचे अधिक टिकाऊ कार्य कलेच्या क्षेत्रातील आहे. सोव्हिएट काळात किनारा हा सीमाप्रदेश मानला जाई व समुद्रात होड्या नेण्यावर कडक निर्बंध होते. व्हीनिस्तूतील मासेमारी सामूहिक संस्थेच्या हाती गेली होती. त्या संस्थेचा मत्स्यप्रक्रिया कारखाना नंतर बंद पडला. त्याच इमारतींत मानित्स्कीने आपल्या खाजगी संग्रहाचे कलासंग्रहालय २००२ मध्ये सुरू केले. एस्टोनियन कलेचा विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा विकास त्यात पाहावयास मिळतो. निसर्गचित्रकार कॉनराड मॅगी (१८७८–१९२५) व आरेख्यक कलावंत एडुआर्ड व्हीराल्ट (१८९८–१९५४) यांच्या कलाकृतींचा त्यात समावेश आहे. व्हीराल्टनेही १९४४ मध्ये मायदेश सोडला होता. त्याचे निधन पॅरिसमध्ये झाले. त्याला मायदेशी परतता आले नाही. त्याची चित्रे मात्र, ज्या किनाऱ्यावरून अनेकांनी देश सोडला त्याच किनाऱ्यावरील गावात, सर्वांना पाहावयास खुली झाली. निर्वासिताने परदेशात मिळविलेली संपत्ती अशा रीतीने त्याच्या जन्मगावाच्या सांस्कृतिक जीवनास उपकारक ठरली.