माळ्यावरची खोली

शार्लट ब्राँटी यांची ‘जेन एअर’ १८४७ साली निघाली. जेनच्या लग्नाने ती सुखान्त होते; पण त्याआधी रॉचेस्टरची माळ्यावर कोंडलेली पहिली पत्नी बर्था आगीच्या वेळी गच्चीवरून उडी घेऊन मरते. तिचा जमैकाहून आलेला ३०,००० पौंडांचा हुंडा मात्र रॉचेस्टरकडेच राहतो. १९६६ मध्ये जीन ऱ्हीस यांनी पूर्वकथा लिहून बर्थाला वाचा दिली. २००० साली डी. एम. थॉमस यांनी ‘शार्लट’ या उत्तरकथेत जेनच्या संसारातले शय्यागृह उघडले आणि तिला कॅरिबियन बेटांकडे नेले. मूळ कादंबरीने देह झाकला, तसा पैशाचा उगमही फारसा उकलला नाही. म्हणून शृंगारिक उत्तरकथेची कसोटी एकच: शय्यागृहाबरोबर माळ्यावरची खोलीही उघडली का?